कुळाचाराचं मेनूकार्ड

इटलीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "काय काय पाहिलंस?" कलोसियम आणि पिसाचा तो कललेला मनोरा दोन मिनिटांत उरकतात आणि गाडी थेट खाण्यावर येते. बोलोन्याचा ताल्यातेल्ले, नापोलीचा पिझ्झा, पालेर्मोचा कानोली. कुठल्या गल्लीत खाल्ला, कुणी वाढला, सोबत काय प्यायलो, सगळं तोंडपाठ. आता याच मंडळींना विचारा, "तुळजापूरला गेला होतात ना, काय खाल्लंत?" उत्तर ठरलेलं. "अगं, एका दिवसात जाऊन आलो. येताना हायवेला थांबलो, पनीर बटर मसाला."

आपल्यापैकी कित्येकांची कुलदेवता तुळजाभवानी. लग्न झालं की पहिल्या महिन्यात जोडीनं जायचं, बाळ झालं की जायचं, घर घेतलं की जायचं. शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची, फोटो काढायचे, सोमवारी ऑफिस. टिकमार्क! यात वाईट काहीच नाही, रजा कुणाला मिळते हो? पण या धावपळीत एक गोष्ट हातची सुटते. या रस्त्यावर जे जेवण मिळतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि आणखी वीस वर्षांनी ते इथे तरी मिळेल की नाही कोण जाणे. म्हणून या वेळचा आपला वीकेंड सोलापूर, तुळजापूर, धाराशिव असा. पासपोर्ट नको, व्हिसा नको. दोन दिवस आणि रिकामं पोट, बस.

पहिला स्टॉप: सोलापूर

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालात तर सकाळी सोलापुरात उतरता. हे शहर म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगूची सरमिसळ. गिरण्या आणि मागांमुळे माणसं तिन्हीकडून आली आणि येताना आपापली चूलही घेऊन आली. तरी इथली ओळख दोनच पदार्थांत सांगायची तर शेंगांची चटणी आणि कडक भाकरी.

शेंगांची चटणी म्हणजे दाण्याचं कूट आणि त्यात तिखट, असं वाटत असेल तर मंडळी, तुम्ही अजून सोलापूरची खाल्लेली नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटेपर्यंत. चटणी कोरडी राहत नाही, तिचा ओलसर गोळा होतो. मिक्सरमध्ये हे होत नाही असं इथे सगळेच छातीठोकपणे सांगतात. मी घरी करून पाहिलंय, खरंच होत नाही.

कडक भाकरीचं काय कौतुक, असं पुण्या-मुंबईकडच्यांना वाटतं. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी खडखडीत होईपर्यंत भाजलेली. पापडासारखी मोडते, कितीतरी दिवस टिकते. शेतावर, प्रवासात, यात्रेत सोबत न्यायची ही शिदोरी. आता पाकिटात मिळते, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मस्त राहते. दुपारी चारच्या बिस्किटापेक्षा कितीतरी बरी. मूळ मात्र साधं आहे. हा पट्टा पर्जन्यछायेतला. भात इथे सणाचा, रोजचं अन्न ज्वारी. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालंय. पाणी कमी, म्हणून ज्वारी, शेंगदाणा, तूर, हरभरा. पुढच्या दोन दिवसांत तुमच्या ताटात जे जे येईल ते या चारांचंच असणार आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरा स्टॉप: तुळजापूर, पुजारीकाकूंच्या घरी

सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. एसटी तासाभरात बालाघाटाच्या डोंगरात आणून सोडते. महाद्वारातून पायऱ्या उतरायच्या, कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग रांग. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी जास्त. दर्शनाबद्दल मी काय सांगणार, ते ज्याचं त्याचं. मी सांगणार आहे त्यानंतरचं.

तुळजापुरात बहुतेक जुन्या घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात. आमचेही आहेत. त्यांच्या वहीत माझ्या आजोबांची सही आहे. ही मंडळी फक्त पूजा सांगत नाहीत. त्यांच्या घरी उतरायचं, अंघोळ करायची, आणि कुळाचाराचा नैवेद्य तिथेच शिजतो. शिधा आपण द्यायचा किंवा आधी फोन करून त्यांनाच सगळं आणायला सांगायचं आणि दक्षिणेसोबत पैसे द्यायचे. मेनूकार्ड नाही, बिल नाही, वेटर नाही. स्वयंपाकघरात पुजारीकाकू, आणि तुमच्या घरातल्या ज्या बायका (आणि हो, पुरुष!) कामाला हात लावतील त्या.

मागच्या खेपेला मी आत जाऊन बसले. काकू पुरण वाटत होत्या. हरभऱ्याची डाळ शिजवून, निथळून, गूळ घालून आटवलेली. उलथनं मध्ये उभं केलं, ते पडलं नाही, तेव्हा कुठे त्यांनी कढई उतरवली.

"डाळीचं पाणी टाकू का काकू?" मी पातेलं उचलत विचारलं.

"आगं बया, दाळीचं पाणी टाकत्यात व्हय? त्याचीच तर आमटी."

ही ती येळवणीची आमटी. डाळ निथळून उरलेलं पाणी, त्यात भाजलेलं खोबरं-कांदा, काळं तिखट, चिंच, गूळ आणि वाटताना पाट्याला चिकटून राहिलेलं थोडं पुरण. पातळ, झणझणीत, किंचित गोड. मला एकदम इटलीचा रिकोटा आठवला. रिकोटा म्हणजे 'पुन्हा शिजवलेलं'. चीज काढून झालं की जे पाणी उरतं ते पुन्हा तापवून त्यातून निघतो तो रिकोटा. सिसिलीच्या त्या प्रसिद्ध कानोलीत हाच भरतात. तिथल्या मेंढपाळाला पाणी फेकणं परवडत नव्हतं आणि आमच्या काकूंनाही परवडत नाही. फरक एवढाच की कानोली एअरपोर्टवरही मिळतो आणि येळवणी मिळवायला कुणाच्या तरी चुलीपाशी बसावं लागतं.

पोळ्या झाल्या. काकू म्हणाल्या, "थांबा, निवद दाखवून आणू द्या, मग पानं घेते." आम्ही तासभर थांबलो. भूक अशी लागलेली की विचारू नका. मग पानं आली. पुरणपोळी, वर तूप, शेजारी वाटीत गुळवणी. हो, या भागात पोळी गुळवणीत बुडवून खातात. गुळाचं पाणी, वेलची-सुंठेचा वास. दुधात बुडवणाऱ्यांनी एकदा करून पाहाच. मग येळवणी आणि भात, भजी, कुरडई, पापड, आणि गोडावर उतारा म्हणून मिरचीचा ठेचा. आधी पाच सवाष्णी जेवल्या, मग आम्ही. काही घराण्यांत हा गोडाचा नैवेद्य झाला की तिखटाचं जेवण वेगळं असतं. ज्याचा त्याचा कुळाचार.

दुपारी हात धुताना मी काकूंना विचारलं, "रोज एवढं सगळं तुम्ही एकट्याच करता?"

"रोज न्हाई, पण मंगळवार-शुक्रवार असतंच. सूनबाई पुण्याला कंपनीत हाय. नवरात्रात येती, मदत करती बिचारी. पण तिला रजाच किती?"

"मग पुढे?"

"पुढचं देवीला ठाऊक. तू शिकून घे की!" आणि त्या खळखळून हसल्या.

मी हसले नाही. कारण आमच्या घरीही तेच चाललंय. आई साठी ओलांडून गेलीय, तिचे गुडघे पायऱ्यांना दाद देत नाहीत. या वर्षी गाडीत बसताना ती सहज म्हणाली, "पुढच्या वेळेपासून तुमचं तुम्ही बघा रे." दादा ईएमआयमध्ये, वहिनी टार्गेटमध्ये, मी डेडलाइनमध्ये. पुरण येतं कुणाला? वाटून घेतलेलं विकतचं पुरण आता पुण्यात कुठेही मिळतं, त्याच्या पोळ्याही मिळतात. पण विकतच्या पुरणासोबत डाळीचं पाणी येत नाही. म्हणजे येळवणी गेली. येळवणी गेली की काळं तिखट कुणी कुटणार नाही. एक पदार्थ गेला की त्याच्या मागे अख्खं ताट जातं, हे असं.

बोलोन्याच्या लोकांनी त्यांच्या रागूची कृती १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली. मांस कुठलं, किती, दूध घालायचं की नाही, सगळं कागदावर. आमच्या येळवणीची नोंद काकूंच्या हातात आहे आणि आईच्या डोक्यात. दोघींनाही प्रमाण विचारलं तर एकच उत्तर येतं, "अंदाजानं."

बाजारातला फेरफटका

जेवून सुस्ती आली तरी मंदिराबाहेरच्या बाजारात एक चक्कर माराच. कुंकवाचे ढीग, बांगड्या, परड्या, आणि कवड्यांच्या माळा. प्रसादाची दुकानं ओळीनं: चुरमुरे, फुटाणे, साखरफुटाणे, बत्तासे, पेढे. आपण काय करतो, पिशवीभर प्रसाद घेतो, ऑफिसात चिमूट चिमूट वाटतो आणि उरलेले चुरमुरे डब्यात मऊ पडतात.

त्यांचं काय करायचं ते मराठवाड्याला विचारा. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, हळद, वरून कोथिंबीर आणि डाळ्याचं पीठ. नाव काय, तर सुशीला! पोह्यांची मावसबहीण म्हणा. दहा मिनिटांत होते, बॅचलर मंडळींनी तर पाठच करावी. तुळजापूरहून आल्यावरचा रविवारचा नाश्ता हाच असू द्या.

नवरात्रानंतर आलात तर आणखी एक पाहायला मिळेल. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी निद्रेला जाते ती थेट कोजागरीला उठते. त्या पौर्णिमेला सोलापुराहून आणि कर्नाटकातून माणसं रात्रभर चालत येतात. वाटेत जागोजागी लोक चहा, केळी, फराळ घेऊन उभे असतात, ओळख ना पाळख. "घ्या माऊली" म्हणत हातात कप देतात. पायाला फोड आलेले असताना मध्यरात्री मिळालेला तो अर्धा कप गोड चहा पिऊन बघा आणि मग मला कॅपुचिनोबद्दल सांगा.

तिसरा स्टॉप: धाराशिव आणि खव्याचा मुलूख

तुळजापूरहून सोलापूर-धुळे हायवेनं वर निघालं की धाराशिव. २०२३ मध्ये अधिकृत नाव बदललं तरी एसटीत 'उस्मानाबाद' अजून ऐकू येतंच. इथे दोन गोष्टींचं नाव. एक उस्मानाबादी शेळी, बहुतेक काळीभोर, कमी पाण्यात आणि काटेरी पाल्यावर तगणारी, बहुतेकदा जुळी देणारी. मटणप्रेमींना पुढचं सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे गुलाबजाम. मटण आणि गुलाबजाम, काय कॉम्बिनेशन आहे!

गुलाबजाम इथेच का चांगला, याचं उत्तर आणखी पुढे मिळतं, भूम तालुक्यात. हा खव्याचा मुलूख. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं निर्वाणस्थान. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली ती इथेच. तीर्थावर येणाऱ्यांची वर्दळ आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या, त्यातून कुंथलगिरीचा पेढा नावारूपाला आला. इथल्या खव्याला अलीकडेच जीआय मानांकन मिळालंय, आणि गंमत म्हणजे तुळजापूरच्या कवडीलाही. खवा आणि कवडी, एकाच जिल्ह्याची जोडी.

पण खवाच का? इथे पाऊस बेभरवशाचा. पीक गेलं तरी गाय-म्हैस दारात असते. दूध रोज निघतं, पण दूध थांबत नाही. शहर लांब, ऊन कडक. मग ते आटवून टाकायचं. गाईचं साधारण पाच लिटर दूध आटलं की एक किलो खवा होतो. पाच लिटर दूध शहरापर्यंत टिकणार नाही, किलोभर खवा टिकेल. म्हणजे आपण दिवाळीत ऑफिसला जो मिठाईचा बॉक्स वाटतो त्याच्यामागे कुठेतरी दुष्काळ आहे. दूध आटवणं हे बसून करायचं काम नाही. भट्टीपाशी उभं राहून खुरपणीनं सतत हलवत राहायचं, नाहीतर खाली लागतं. मी एका भट्टीपाशी दहा मिनिटं उभी राहिले आणि घामानं निथळले. तिथला पोरगा पहाटेपासून उभा होता. "ताई, चव बघा," म्हणत त्यानं गरम खव्याचा गोळा हातावर ठेवला. साखर नाही, वेलची नाही. नुसता दुधाचा, किंचित खरपूस. या अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी मिठाई ती, आणि तिला नावसुद्धा नव्हतं.

आणि एक जेवण, जे विकत मिळतच नाही

इटलीत 'साग्रा' नावाचा प्रकार असतो. गावोगावची जत्रा, पण एखाद्या पदार्थाची. कुठे चेस्टनटची, कुठे मशरूमची. शब्दाचं मूळ 'पवित्र' याच अर्थाचं. टूरिस्ट त्यासाठी तारखा जुळवून जातात. आपल्याकडे धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या पट्ट्यात याच तोडीचं काहीतरी होतं आणि त्याचं नाव शेजारच्या जिल्ह्यांतल्या अर्ध्या लोकांनीही ऐकलेलं नसतं. वेळ अमावास्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर किंवा जानेवारी.

त्या दिवशी गावं आणि शहरंही ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड मांडून पांडवांची पूजा, आणि मग जेवण. भज्जी, म्हणजे हरभरा, तूर, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवलेल्या. बाजरीचे उंडे. तीळ लावलेली भाकरी. गव्हाची खीर. आणि आंबील, ज्वारीचं पीठ आणि ताक, लसूण-जिऱ्याचं, मातीच्या भांड्यात गार झालेलं. ज्याचं शेत नाही त्यालाही बोलावणं असतं. ओळख असायलाच हवी असंही नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या मामांच्या शेतात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा परतीच्या वाटेवर तिसऱ्या बांधावर तिसऱ्यांदा आंबील पाजली गेली. नाही म्हणायची सोय नाही. "आमच्या शिवारात आलीस आन् तशीच जातीस व्हय?"

आता हे सगळं कुठल्या ॲपवर बुक करणार? पुजारीकाकूंचं पान, रात्रीच्या रस्त्यावरचा चहा, हातावरचा गरम खवा, बांधावरची आंबील. इथे जे लक्षात राहतं ते कुणीतरी आपल्याला बोलावून वाढलेलं असतं, आणि वाढणारे हात आता थकत चाललेत. त्या हातांची मुलं-मुली म्हणजे आपणच, पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एसीमध्ये बसलेले. या पदार्थांची काळजी आपण परदेशातून आल्यावर इन्स्टाग्रामवर करू शकतो. नाहीतर एका शनिवारी आईच्या शेजारी ओट्यापाशी उभं राहून करू शकतो. मुलग्यांनो, तुम्हालाही सांगतेय. पुरण वाटायला ताकद लागते, जिमची फी वसूल करा.

मी काय ठरवलंय ते सांगते. पुढच्या कुळाचाराला पुरण मी आणि दादा करणार, आई खुर्चीवर बसून ओरडणार. ती 'अंदाजानं' जे काही टाकेल ते आधी मी वाटीनं मोजणार आणि लिहून ठेवणार. बिघडलं तर बिघडलं, येळवणी तरी नक्की होईल.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. पुजाऱ्यांना चार दिवस आधी फोन करा, किती पानं ते नीट सांगा, आणि दक्षिणा देताना स्वयंपाक करणारीच्या हातात वेगळे पैसे ठेवा. मंगळवार, शुक्रवार टाळलात तर काकूंना बोलायला वेळ मिळेल. सोलापुरातून चटणी थोडीच घ्या, ताजी संपवा. खवा घेतलात तर त्याच दिवशी घरी फ्रिजमध्ये टाका. आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष अमावास्येवर आत्ताच गोल करा. बॉसला कारण विचारलं तर सांगा, शेतात जेवायला बोलावलंय.